जग म्हणजे नेमके केवढे? भीमा आणि घोड नद्यांच्या काठावरून

१२ मे १८७५. सुपे गावचा बाजाराचा दिवस. भोवतालच्या गावांतून जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि सर्वांत आधी मागितल्या त्या वह्या आणि कर्जरोखे. जिथे मिळाले तिथे ते रस्त्यातच जाळले. धान्याची लूट झाली, एखाद्या घरालाही आग लागली. पण जमावाचा खरा रोख कागदांवर होता. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरले. शालेय पुस्तकांतून आपण हेच 'दख्खनचे दंगे' म्हणून वाचतो.

सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते आणि आजच्या दौंड तालुक्याचा मोठा भागही त्याच तालुक्यात होता. शेजारचा शिरूर तालुका तर या प्रकरणाचे उगमस्थानच म्हणावा असा. तिकडे पुढे येऊच.

या दंग्यांची कारणमीमांसा गेली दीडशे वर्षे चालू आहे. ती वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. पुराव्यांविषयीचा वाद आहेच. पण त्याच्या मुळाशी दुसरा एक वाद आहे, तो म्हणजे सुप्याच्या शेतकऱ्याचे जग केवढे मानायचे? कोणी ते गावकुसापाशी संपवतो, कोणी मुन्सफाच्या कचेरीपर्यंत नेतो, कोणी थेट लिव्हरपूलच्या कापूसबाजारापर्यंत. आणि जगाची सीमा सरकली की आरोपीही बदलतो. म्हणून आजच्या धाग्यात 'जग' या कल्पनेचे निरनिराळ्या विद्याशाखांतील अर्थ पाहू. मात्र शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांची जमीन न सोडता. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

आधी शब्द पाहू, कारण मराठीला 'जग' एका शब्दात मावत नाही. 'जगत्' हे 'गम्' धातूपासून आलेले, म्हणजे जे चालते, हलते ते. 'विश्व' म्हणजे मुळात 'सर्व'. 'लोक' हा शब्द परंपरेने 'पाहणे' या अर्थाच्या धातूशी जोडतात. मराठीत त्याचा अर्थ माणसे असाही झाला, त्यामुळे 'लोकांत काय म्हणतील' या साध्या वाक्यात जग आणि माणसे एकच असतात. 'दुनिया' अरबीतून आली. तिथे तिच्या मुळाशी 'जवळचे, खालचे' असा भाव आहे, म्हणजे परलोकाच्या अलीकडचे. सर्वांत विलक्षण प्रवास 'संसार' आणि 'प्रपंच' यांचा. दर्शनग्रंथांत हे शब्द अखिल दृश्य पसाऱ्यासाठी आणि जन्ममरणाच्या फेऱ्यासाठी येतात. मराठी घरात मात्र संसार थाटला जातो, मोडतो, आणि प्रपंचाला हातभार लागतो. अख्खे ब्रह्मांड चुलीपाशी आणून बसवणारी ही भाषा आहे. तत्त्वज्ञाचे जग आणि गृहिणीचे जग यांना एकच नाव देण्यात काही तरी जाणतेपण असावे असे मला वाटते. पण तो मोह आवरून पुन्हा सुप्याकडे वळतो.

जमावाने कागदच का जाळले?

कारण कायद्याचे जग कागदाचे असते. सावकार आणि कुणबी यांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. त्यात लबाडी होती, पिळवणूक होती; पण तंटा झाला तर पाटील, पंच, चार जाणती माणसे यांच्यासमोर तो चाले, आणि तिथे सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टी पुराव्यात धरल्या जात. दुष्काळ पडला होता का, बैल मेला का, मुलीचे लग्न होते का, याला तिथे वजन होते. इंग्रजी दिवाणी न्यायालयात या गोष्टींना जागा नव्हती. तिथे खत होते, त्यावरची रक्कम होती आणि खाली 'निशाणी नांगर' होती. खतावर जे नाही ते न्यायाधीशाच्या जगात नाही.

यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने भर घातली. रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली गेली. व्याज वर्षानुवर्षे साचत जाऊ नये हा हेतू; फळ उलटे आले. दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेऊ लागला, आणि थकलेले व्याज नव्या खतात मुद्दल होऊन बसू लागले. वाचता न येणाऱ्या माणसाने दर तीन वर्षांनी आपल्या नव्या जगावर निशाणी करायची, असा हा प्रकार. त्यामुळे रोखे जाळण्याला केवळ संतापाचा उद्रेक म्हणणे मला अपुरे वाटते. ज्यांनी ते जाळले त्यांना कायद्याचे शास्त्र बरोबर कळले होते: कागद नाहीसा झाला तर त्या जगात कर्जही नाहीसे होते.

(एक आठवण ओघात येतेच. दरवर्षी संत तुकारामांची पालखी यवत, वरवंड असे दौंड तालुक्यातील मुक्काम करत पुढे जाते. तुकोबांच्या घरी सावकारी होती, आणि दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली असे त्यांची चरित्रकथा सांगते. खते बुडवणाऱ्या सावकाराची पालखी ज्या वाटेने जाते, त्या मुलखात सावकारांची खते जळाली. यातून काही सिद्ध होत नाही, हे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ठाऊक आहे. तरी खताचे काय करता येते याची एक गोष्ट या मुलखाच्या कानावर होती, एवढे म्हणायला हरकत नसावी.)

महसूल खात्याचे जग निराळे. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात जी मोजणी सुरू केली, तिने शेताचे रूपांतर आकड्यांत केले. मातीची खोली, पोत, दोष, ओलावा पाहून प्रत्येक शेताची आण्यांत प्रतवारी करायची आणि तीवरून सारा ठरवायचा. तीस वर्षांसाठी दर कायम. पद्धत म्हणून ती आधीच्या प्रिंगलच्या मोजणीपेक्षा पुष्कळ शहाणी होती, हे मान्य केले पाहिजे. तीस वर्षे भरल्यावर १८६७ पासून इंदापूर, भीमथडी, शिरूर अशा तालुक्यांत फेरआकारणी झाली, आणि मधल्या काळात भाव चढले होते या आधारावर काही ठिकाणी सारा निम्म्याहून अधिक वाढवला गेला. १८७४ मध्ये सरकारला स्वतःच या वाढीवर मर्यादा घालावी लागली.

आता हे दोन जग शेजारी ठेवून पाहा. दंग्यानंतर सरकारने आयोग नेमला. सरकारी साऱ्याचा बोजा हे या उठावाचे कारण होते काय, याचा निर्णय विशेषकरून त्याने द्यायचा होता. आयोगाने रयतेच्या, सावकारांच्या जबान्या घेतल्या, वेगवेगळ्या भागांतील साऱ्याचे, भावांचे, व्याजाचे आकडे गोळा केले, आणि निष्कर्ष काढला की शेतकऱ्याच्या रागाचे कारण सारा हे नव्हे, सावकार हे आहे. १८७८ साली हा अहवाल ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांत कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले, रोख्यांची नोंदणी आवश्यक ठरली. कायदा चांगलाच होता. पण आयोगाने जगाची चौकट ज्या जागी आखली तिच्यात सरकार स्वतः बाहेर, पाहणाऱ्याच्या जागी, उभे राहिले. जो नकाशा काढतो तो सहसा नकाशात दिसत नाही.

अर्थशास्त्रज्ञाचे जग यापेक्षा फार मोठे आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तोवर ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येत असे. तो अडला, मुंबईला भाव आला, पैशाचा पूर लोटला. दौंडवरून जाणारा पुणे–दिक्सळ लोहमार्ग १८५८ मध्येच सुरू झाला होता. १८६३ मध्ये बोरघाटाचा टप्पा पुरा झाला आणि हा सारा मुलूख मुंबई बंदराशी सलग जोडला गेला. १८६५ मध्ये युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस परतला, भाव कोसळले, मुंबईत पेढ्या बुडाल्या. पतपुरवठा आखडला. सावकार वसुलीला लागला. साखळी सरळ दिसते: अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरीवरून झालेले युद्ध, आणि दहा वर्षांनी सुप्यात जळलेली खते.

ही साखळी पाठ्यपुस्तकांत फार लोकप्रिय आहे, आणि तिच्यात तथ्य आहे. मात्र ती जितकी सुबक सांगितली जाते तितकी ती नाही. भीमा-घोडच्या या अवर्षणप्रवण पट्ट्यात मुख्य पीक ज्वारी-बाजरीचे. कापसाचा मुलूख म्हणजे खानदेश आणि वऱ्हाड. इथल्या बहुतेकांनी कापसाचे बोंडही विकले नसेल. इथवर जग पोहोचले ते कापूस होऊन नव्हे, तर भाव होऊन: धान्याचे चढलेले दर, रेल्वे आणि सरकारी बांधकामांवरची वाढलेली मजुरी, सहज मिळणारे कर्ज. म्हणजे ज्या वस्तूशी आपला संबंध नाही तिच्या किमतीनेही आपले घर उभे राहते आणि पडते. अर्थशास्त्रात 'जग' म्हणजे हेच: जिथवर भावाची लाट पोहोचते तिथवरचा प्रदेश.

फर्नांद ब्रोदेल या फ्रेंच इतिहासकाराने यात एक उपयुक्त भेद केला. साऱ्या पृथ्वीची अर्थव्यवस्था एक. आणि पृथ्वीच्या एखाद्याच तुकड्याला बांधून त्याचे स्वतंत्र जग बनवणारी अर्थव्यवस्था दुसरी. तिला केंद्र असते, परीघ असतो, आणि ती पृथ्वीएवढी असावी लागत नाही. या नजरेने पाहिले तर १८५८ पूर्वीचा भीमथडी एका जगाचा भाग होता आणि १८६५ नंतरचा दुसऱ्या. गाव जागचे हलले नव्हते. त्याचे केंद्र हलले होते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात थांबवली तेव्हा शिरूरच्या कांदा उत्पादकाला हे वाक्य समजावून सांगावे लागले नसते.

याच्या अगदी उलट टोकाला नील चार्ल्सवर्थ उभा आहे. १९७२ मध्ये त्याने एक निबंध लिहून १८७५ चे दंगे ही बरीचशी रचलेली दंतकथा आहे असे प्रतिपादन केले: गावे थोडी, हिंसा मर्यादित, परिणाम अल्प, मोठे केले ते सरकारी अहवालाने आणि नंतरच्या इतिहासकारांनी. रविंदर कुमार यांनी १९६८ मध्ये याच घटनेत संबंध ग्रामीण समाजाची उलथापालथ पाहिली होती. दोघांपुढची कागदपत्रे जवळजवळ तीच. मला चार्ल्सवर्थची शिस्त आवडते, निष्कर्ष पटत नाही. आकड्यांनी लहान असलेली घटना तिच्यात सापडलेल्यांसाठी लहान नसते, आणि चार जिल्ह्यांचा कायदा बदलवणाऱ्या घटनेला अल्प म्हणणे हे मोजपट्टीवर फार विश्वास टाकणे झाले.

आता शिरूर तालुक्यातील करडे. सुप्याच्या सुमारे पाच महिने आधी, डिसेंबर १८७४ मध्ये, काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला घेतले. देशमुख हे वतनदार घराणे. गावाने काय केले? मारहाण नाही, जाळपोळ नाही. सावकाराचे सगळे बंद केले. त्याच्या शेतावर कोणी जाणार नाही, त्याच्या घरी चाकरी करणार नाही, त्याच्याकडे खरेदी करणार नाही. न्हावी, पाणक्या कोणी येईना. शेवटी त्याला गाव सोडावे लागले. ही बातमी गावोगाव गेली, इतरांनी तोच मार्ग धरला, आणि बहिष्काराने काम भागेना तिथे पुढे सुपे घडले.

समाजशास्त्राला इथे आपले 'जग' अगदी स्वच्छ सापडते. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात दख्खनच्या गावांना जवळजवळ स्वयंपूर्ण लहान समाज म्हणून रेखाटले. १९१५ मध्ये त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा'त त्याच रचनेची चाके, आरे आणि वंगण उलगडून दाखवले. काळी म्हणजे पिकती जमीन, पांढरी म्हणजे वस्ती, बलुतेदारांची देवाणघेवाण, पाटील-कुळकर्णी. या जगात राहायचे तर सर्वांच्या सेवेत राहावे लागते. सेवा तोडली की माणूस हयात असूनही जगाबाहेर. करड्याने सावकाराला दाखवून दिले की कोर्टाच्या जगात तू जिंकलास, पण तुझे पिण्याचे पाणी आमच्या जगातून येते.

ही गोष्ट सांगताना पुष्कळांचा ऊर भरून येतो. माझाही थोडा येतो. परंतु हे हत्यार गावाने त्या दिवशी नव्याने घडवलेले नव्हते. पाणी तोडणे, सेवा तोडणे, वाळीत टाकणे हे गाव शतकानुशतके करत आले होते, आणि बहुतेक वेळा देशमुखाच्या बाजूने सावकाराविरुद्ध नव्हे, तर गावकुसाबाहेरच्या माणसांविरुद्ध. ज्यांची घरे कुसाबाहेर होती त्यांच्या दृष्टीने 'गाव हेच जग' या वाक्याचा अर्थ काय होत असेल? त्यांच्यासाठी जग बऱ्याचदा गावाबाहेर सुरू होत होते.

त्याचाही रस्ता शिरूरवरूनच जातो. शिरूर, म्हणजे घोडनदी, इथे कंपनी सरकारची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी याच छावणीतून पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावात पेशव्यांच्या सैन्याशी तिची गाठ पडली. तुकडीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. विजयस्तंभावर कोरलेल्या नावांत 'नाक' या प्रत्ययाने संपणारी नावे दिसतात ती त्यांची. लष्करी इतिहासाच्या जगात ही मोठ्या युद्धातील एका दिवसाची, निर्णायक न ठरलेली लढाई. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्तंभापाशी आले, आणि स्मृतीच्या जगात तिचे वजन पूर्ण बदलले. सैन्यरचना शिकणारा विद्यार्थी म्हणेल की हा अर्थ नंतर जोडलेला आहे. बरोबर आहे. पण गावाने ज्यांची नावे कुठेच लिहून ठेवली नाहीत त्यांची नावे एका दगडावर आहेत, ही गोष्ट नंतर जोडलेली नाही.

इथवरचे सगळे जग लिहिते होते. आता जिथे अक्षर नाही अशा जगाकडे जाऊ. शिरूर तालुक्यातच, घोड नदीच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी इथे उत्खनन केले. इ.स.पू. १६०० च्या सुमारापासून ७०० पर्यंतची, दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांची ही वसाहत. शंभराहून अधिक घरे, दोनशेहून अधिक दफने, पाणी वळवण्यासाठी बांध आणि पाट. महाराष्ट्रातील शेतीच्या आरंभाविषयी जे काही खात्रीने बोलता येते त्यातले बरेचसे या एका पांढरीतून आले आहे.

पुरातत्त्वात 'जग' म्हणजे उरलेल्या वस्तूंवरून मागे जात जात उभे केलेले जगणे. इनामगावकरांची मुले दोन रांजणांची तोंडे एकमेकांना जुळवून, घराच्या जमिनीखालीच पुरलेली आढळतात. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले. एका मोठ्या घराच्या आवारात चार पायांच्या मोठ्या रांजणात बसलेल्या स्थितीत एक प्रौढ पुरुष. मृताने घर सोडून जाऊ नये म्हणून पाय तोडत, रांजणातला माणूस गावचा प्रमुख असावा, असे तर्क केले गेले. ते तर्कच आहेत. मात्र एवढे दिसते की मेलेले मूल घरातच ठेवणाऱ्या माणसांच्या जगाची सीमा मृत्यूपाशी संपत नव्हती. संसार या शब्दाचे दोन्ही अर्थ इथे एकाच जमिनीखाली सापडतात.

इ.स.पू. १००० नंतर हे गाव उतरणीला लागते. ऐसपैस चौकोनी घरांऐवजी लहान गोल झोपड्या, हलकी भांडी, शेती कमी, शिकार आणि पशुपालन अधिक. का? ढवळीकरांचे उत्तर हवामानाचे होते: पाऊस घटला, शेती खचली, माणसे अर्धभटकी झाली. जग म्हणजे पर्यावरण, ते कोरडे पडले की माणूस बदलतो. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी सांगाड्यांचे दात तपासले. उत्तरकाळात दातांची कीड कमी झालेली आढळली, म्हणजे पिठूळ अन्न कमी झाले असावे. हे त्या उत्तराला पूरक होते. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ च्या ग्रंथात बालकांच्या हाडांवरून वाढीचा आणि कुपोषणाचा अभ्यास मांडला आणि दुष्काळ पडला म्हणून संस्कृती कोसळली या सरळ समीकरणावरच प्रश्न उपस्थित केला: जन्मदर, लोकसंख्या, माणसांनी केलेली निवड यांचा हिशेब कुठे आहे?

हा वाद वाचताना मला १८७५ आठवत राहते. पाऊस दोषी की सावकार, की सारा, की लिव्हरपूल? इनामगावात पाऊस दोषी की लोकसंख्या, की शेतीची पद्धत? 'जग' म्हणून आपण जे निवडतो ते आपोआप कारण होऊन बसते. हवामानशास्त्रज्ञाला पाऊस दिसतो, अस्थितज्ज्ञाला भुकेले मूल दिसते. दोघेही एकाच मातीत खणत असतात.

भूशास्त्राचे जग याहूनही उदार. घोडला मिळणाऱ्या कुकडीच्या काठी, जुन्नर तालुक्यातील बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ही राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची. ती त्याच्या कोणत्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत मोठा वाद आहे. कापसाच्या भावाच्या कितीतरी आधी जग अशा रीतीने इथे येऊन पडले होते. आणि त्याच तालुक्यात खोडदला महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना आहेत, त्यांच्यासाठी 'विश्व' म्हणजे दूरच्या दीर्घिकांतील हायड्रोजनची कुजबुज. त्या जगात शिरूर आणि लिव्हरपूल यांतील अंतर शून्यच. म्हणून ते श्रेष्ठ आहे असे मला वाटत नाही. त्या पट्टीवर मुदतीचा कायदा दिसत नाही.

शेवटी दौंड तालुक्यातील केडगाव. पुणे–दौंड लोहमार्गावरचे हे स्थानक. पंडिता रमाबाईंनी १८९८ च्या सुमारास मुक्ती सदन इथे आणले. १८९६–९७ च्या आणि पुढे १९०० च्या दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवा इथे राहिल्या, शिकल्या, शेती, विणकाम, छपाई करू लागल्या. रमाबाई इंग्लंड-अमेरिका पाहून आलेल्या. १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेवर जे मराठी पुस्तक लिहिले त्याच्या शीर्षकात 'लोकस्थिति' हा शब्द आहे. एका देशाचे वर्णन म्हणजे तिथल्या लोकांच्या स्थितीचे वर्णन, हे त्यांनी शीर्षकातच ठरवून टाकले होते.

उत्तरायुष्यात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. इथे 'जग' हा भाषांतरकाराचा प्रश्न होतो. ग्रीक नव्या करारात इंग्रजी वाचकाला जिथे एकच शब्द दिसतो तिथे मुळात निरनिराळे शब्द असतात: 'कॉस्मॉस', ज्याच्या मुळाशी सुव्यवस्था आणि शोभा, 'ऐऑन', म्हणजे काळाचा एक कल्प, 'ऑइकूमेने', म्हणजे वसलेली पृथ्वी, जिच्यात 'घर' या अर्थाचा शब्द दडला आहे. भाषांतरकाराला दर वेळी विचारावे लागते: हे जग रचनेचे, काळाचे की माणसांच्या वस्तीचे? संस्कृत कोळून प्यायलेल्या बाईसमोर जग, लोक, युग, विश्व, संसार एवढे पर्याय हात जोडून उभे, आणि प्रत्येकाला आपापला दर्शनाचा इतिहास चिकटलेला. ही अडचण फार थोड्या भाषांतरकारांच्या वाट्याला आली असेल. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम तिथल्या बायकाच करत. रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

मराठी सार्वजनिक जीवनाने मात्र धर्मांतरानंतर रमाबाईंकडे पाठ फिरवली, आणि आपल्या समाजसुधारणेच्या नकाशावर केडगाव फार काळ कोरेच राहिले. दुसऱ्या एका नकाशावर ते ठळक आहे. जून १९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची जी तीव्र लाट उसळली, तिच्याविषयी तिथल्या मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये एक पुस्तिका लिहिली. ती त्यांनी आपल्या जुन्या सहाध्यायी मेरी हूव्हर यांना चिलीतील वाल्पाराइसो येथे पाठवली, आणि १९०९ च्या तिथल्या चळवळीमागे तिचा हात धरला जातो. ख्रिस्ती धर्माचा जागतिक इतिहास लिहिणारे अ‍ॅलन अँडरसन यांच्यासारखे अभ्यासक त्यामुळे पेंटेकोस्टल पंथाचा उगम केवळ १९०६ च्या लॉस एंजेलिसमध्ये शोधायला तयार नाहीत. केडगावचे वर्ष आधीचे आहे, हे ते दाखवून देतात. म्हणजे मराठी इतिहासाच्या जगात जो परीघ, तो दुसऱ्या इतिहासाच्या जगात उगमांपैकी एक. त्या चळवळीविषयी आपले मत काहीही असो, मराठी इतिहासलेखनाने हा धागा दुसऱ्यांच्या हाती सोडून द्यावा याचे मला वाईट वाटते. केडगावची कागदपत्रे, छापील अहवाल, मुलींच्या आठवणी यांवर मराठीत अजून पुष्कळ काम व्हायला हवे.

इनामगावच्या वस्तू पाहायच्या असतील तर पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात त्या आहेत. जाण्याआधी 'गावगाडा'तले पांढरीविषयीचे लेखन वाचून जावे, भांडी वेगळी दिसतील.

शिरूरच्या छावणीत आणखी एक माणूस आहे: १८०९ मध्ये तिथे वारलेला कर्नल वॉलेस. भोवतालचे लोक त्याला 'सत्पुरुष' म्हणत आणि त्याच्या कबरीची पूजा होत असे, अशी नोंद जुन्या पुणे गॅझेटिअरमध्ये आहे. कंपनीचा अधिकारी ग्रामदेवतांच्या पंगतीला कसा जाऊन बसला, यावर पुढचा धागा.